वैरागडेकाकांच्या बारा गैरहजेऱ्या

काका, हजेरीच्या वहीत तुमच्या नावापुढे सलग बारा 'गै' आहेत. माझ्या अक्षरात, निळ्या पेनने, बाराही सारखेच. महिना संपला. पानाखाली सही करून ते बंद करायचं, एवढंच काम आहे, आणि चार दिवस झाले, मी वही उघडते आणि मिटते. तुम्ही असता तर म्हटलं असतं, "वही काय पाहून राहिली, लिहायचं ते लिही अन् ऊठ." लिहायचं काय, तेच ठरत नाही. या बारांपैकी अकरा खोटे आहेत, हे मला आता माहीत आहे. ते तसेच ठेवायचे की दुरुस्त करायचे, हे तुमच्या नियमांनी ठरवायला हवं, आणि तुमचे नियम तुमच्याइतके कोणालाच पाठ नव्हते. म्हणून आधी तुमच्याशी बोलून घेते.

तेराव्याला लोक तुमच्याबद्दल बरंच बोलले. स्टील प्लांटच्या टेलिकॉममध्ये किती वर्षं काढलीत, कोणत्या साहेबाने पाठ थोपटली. मी थोडा वेळ ऐकलं आणि पत्रावळी उचलायला लागले. ते ज्या माणसाबद्दल बोलत होते तो माझ्या फारसा ओळखीचा नव्हता. माझ्या ओळखीचा माणूस फोन दुरुस्त करायला आला होता आणि फोन सोडून इस्त्री बघत बसला होता.

मी तेव्हा प्लांटच्या मिलमध्ये, मोटरी दुरुस्त करायच्या कामावर, नवीन होते. सेक्टर ६ मध्ये एकटीचं क्वार्टर, शेजारीपाजारी ओळख नाही. लाइनमन सुट्टीवर म्हणून तुम्ही स्वतः आलात, साहेब असून, स्कूटरवर. फोन दोन मिनिटांत सुरू झाला. मग तुम्ही टेबलावरची इस्त्री उचललीत आणि तिची वायर बोटांत फिरवून पाहिलीत.

"हा जोड कोणं मारला?"

"मी."

"खराब मारला." जरा थांबून म्हणालात, "पण मारला. गाव कोणतं?"

"पुलगाव."

"मग मराठीत बोल ना बाप्पा. कावून मघापासून हिंदी झाडून राहिली?"

त्या रविवारी तुम्ही रुआबांध्याला, तुमच्या घरी बोलावलंत. समोरच्या खोलीत रेडिओचे सेट, छतावर अँटेना, आत काकू पोळ्या लाटत होत्या. मला वाटलं, चहा घेऊन अर्ध्या तासात निघू. संध्याकाळी निघाले तेव्हा बोटाला सोल्डरचा चटका होता आणि पिशवीत हॅम रेडिओच्या परीक्षेचं पुस्तक. परवाना काढायचा, हवेवर बोलायचं, त्याचा एक पैसा घ्यायचा नाही, आणि गावात पूर आला, फोन बंद पडले की उपयोगी पडायचं. इतकाच तो उद्योग. मला तो ताबडतोब पटला, कारण त्यात गप्पा कमी आणि पाना-पक्कड जास्त होती.

"रिपीटर म्हणजे टाकीवर बसवलेला चौकीदार," तुम्ही म्हणाला होतात. "हळू बोललेलं ऐकते अन् तेच ओरडून साऱ्या गावाले सांगते." हातातल्या छोट्या सेटचा आवाज दोन-चार किलोमीटरवर मरतो. पाण्याच्या टाकीवरचा आपला रिपीटर तो पकडतो आणि त्याच क्षणी जोरात परत बोलतो, मग तो राजनांदगावपर्यंत ऐकू जातो. त्याचा कान आणि तोंड एकच, टाकीवरची अँटेना. तिच्यात बिघाड झाला की बिचारा एकतर मुका होतो, नाहीतर बहिरा.

आपली खरी भांडणं त्या अँटेनावरूनच झाली. जुनी वादळात मोडली, तेव्हा नवी कोणती लावायची यावर आपण एक अख्खा हिवाळा वाद घातला. तुम्हाला पांढरी काठी हवी होती. फायबरची, दोन पुरुष उंच, आतलं सगळं बंद. मला दोन डायपोल हवे होते, म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळीच्या लांबट कड्या, दांड्यापासून हातभर दूर बसवलेल्या, बिघडल्या तर पान्याने खोलता येणाऱ्या. तुम्ही आत गेलात आणि काकूंच्या परातीतला कणकेचा गोळा घेऊन आलात.

"पाहा. अँटेना ताकद तयार नाही करत. कणीक तेवढीच असते. गोळा ठेवला त जवळच्या जवळ जाड. लाटली त पातळ, पण लांब जाते. माही काठी म्हणजे लाटलेली कणीक. डोंगरगडाले पोचते."

"आणि गावातले? ज्यांच्याकडे नुसता हातातला सेट, त्यांच्या वाट्याला पापुद्रा?"

"जवळचा माणूस ओरडून बोलते."

"दिव्याखाली अंधार होईल, काका."

"दिवा टाकीवर आहे, टाकीखाली कोण राहते? कबुतरं."

"गोळा इकडं द्या," काकू दारातून म्हणाल्या, "अन् दोघंबी बाहेर व्हा."

आपल्या सगळ्या रेडिओवाल्यांचं मत घेतलं तेव्हा सुपेल्यातल्या साहूने, ज्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे आणि जो माझ्या बाजूने बोलणार होता, आयत्या वेळी हात तुमच्या बाजूने वर केला. "दादा बोल दिए तो बोल दिए, दीदी." काठी लागली. डोंगरगडचा आवाज पहिल्याच दिवशी स्पष्ट आला आणि तुम्ही पेढे वाटलेत. मी पेढा खाल्ला आणि हरल्याचं लक्षात ठेवलं. ते मी किती पक्कं लक्षात ठेवलं होतं, हे पुढे कळलं.

तुम्ही शिकवलेल्यांत सगळ्यांत कंटाळवाणी गोष्ट टेप. केबल वर जाऊन अँटेनाला जिथे मिळते तो जोड उघड्यावर असतो. त्यावर रबराची टेप गुंडाळायची. "खालून सुरू कर अन् वर चढवत ने. कवेलू कसे छावतात घरावर? वरचा खालच्यावर. पाणी आलं त घसरून जाते. वरून खाली गुंडाळली त एकेक पदर पाण्यापुढं तोंड वासून बसते." हे मी शंभरदा ऐकलं. साहूला ते तोंडपाठ होतं, तुमची नक्कल करून दाखवायचा.

गेल्या वर्षी केबल बदलली तेव्हा तुमचे गुडघे शिडी चढायच्या लायकीचे राहिले नव्हते. वरचा जोड मी केला. त्या दिवशी वारा असा होता की टेपचं टोक बोटांत टिकेना. साहू खालून "दीदी, जल्दी करो" करत होता. मी उतरले. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "खालून वर?" मी म्हटलं, "हो." मला खात्री होती.

सकाळी साडेसातची हजेरी हे तुमचंच खूळ. कंट्रोलचं काम तुम्ही माझ्यावर टाकलंत, कारण तुम्हाला बोलण्यात विषयांतर व्हायचं. मी एकेक नाव पुकारायची, माणसं उत्तर द्यायची. एकेकाळी पंधरा नावं होती, आता सात. बाकी सगळे "हाजिर" म्हणतात, तुम्ही हट्टाने "हजर" म्हणायचात. वहीत 'ह' नाहीतर 'गै', तिसरी खूण नाही. नियम दोनच. पहिला, कानाला आलं तरच लिहायचं, अंदाजाने नाही. दुसरा रिलेचा: एखाद्याचा आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही पण दुसऱ्या कोणी ऐकला, तर त्या दुसऱ्याने तसं सांगायचं, आणि मी 'ह' लिहून पुढे ऐकणाऱ्याचं नाव टाकायचं. डोंगरगडच्या माणसाचा सेट कमजोर पडला की राजनांदगावचे तिवारीजी त्याची हजेरी अशीच पोचवतात. रिलेची हजेरी ही पूर्ण हजेरी, तुम्ही म्हणायचात, तिला कमी समजायचं नाही.

हजेरी संपली, सगळे गेले, की पाच मिनिटं आपण दोघं मराठीत. चहा झाला का. भाजी काय. तुह्या मिलमधल्या त्या मोटरचं काय झालं. माझा मुलगा पुण्यात असून माझ्याशी हिंदीत बोलतो. त्या पाच मिनिटांवर माझी मराठी चालली होती, हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. परवा दूधवाल्याला तोंडातून निघून गेलं, "उद्या अर्धा लिटर जास्त द्या." तो म्हणाला, "क्या दीदी?" मी हिंदीत परत सांगितलं.

तुमच्या फुप्फुसांनी त्रास द्यायला सुरुवात केली आणि पलंग आतल्या खोलीत गेला, मोरीजवळ. मोठा सेट आणि छतावरची अँटेना समोरच्या खोलीतच राहिली. तुमच्या उशाशी हातातला सेट आला. दोन-तीन दिवस तुमची हजेरी तुटक तुटक आली, मग एका संध्याकाळी तुमचा फोन.

"वंदना, रिपीटर बहिरा झाला."

मी दुसऱ्याच दिवशी मीटर घेऊन टाकीवर गेले, म्हणजे टाकीखालच्या खोलीत, जिथे रिपीटर आहे. केबलला मीटर लावलं. वर पाठवलेली शक्ती अँटेना घेत नसेल तर ती परत येते आणि मीटरवर दिसते. काही परत येत नव्हतं. मी तिथूनच फोन केला.

"काका, मीटर एकदम ठीक दाखवून राहिलं. तिवारीजी साफ, साहू साफ, मी साफ. तुम्ही आतल्या खोलीत आहात, चार भिंतींच्या मध्ये, अन् काठी तुमची लाटलेल्या कणकेची. जवळ पातळ पडते. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"खालचं मीटर गोड बोलते, बाई."

"मीटर मशीन आहे, ते गोड कशाला बोलेल? पुरावा द्या ना मग."

पलीकडे खोकला चालला. मी थांबले. मग तुम्ही म्हणालात, "बरं. देतो."

आपलं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर मिलमध्ये मोठी दुरुस्ती निघाली, बारा बारा तासांची ड्यूटी. मी रुआबांध्याला आले नाही. दुरुस्ती खरी होती, पण सेक्टर ६ मधून रुआबांध्याला यायला काही दिवस लागत नाहीत. मला वाटलं, तुम्ही रुसलात. मला वाटलं, बरंच आहे, चार दिवस रुसू देत, काठीचं खापर एकदाचं काठीवर फुटलं.

रोज साडेसातला तुमचं नाव पुकारत होते. उत्तर नाही. गै. पुढचं स्टेशन. चौथ्या दिवशी मी हवेवर म्हणाले, "वैरागडेजी? नहीं हैं। रूठे हुए हैं। अगला स्टेशन।" साहू बटण दाबून हसला. तिवारीजी म्हणाले, "मना लीजिए वंदनाजी, बुजुर्ग हैं।" मी म्हटलं, "खुद मान जाएँगे।"

बाराव्या दिवशीही तसंच. नाव, शांतता, गै. वही मिटून डबा भरत होते तेव्हा काकूंचा फोन आला.

तुमचं नाव मी पुकारलं तेव्हा तुम्ही गेलेले होता, त्याला दीड तास झाला होता. तो 'गै' आदल्या अकरांसारखाच दिसतो. अक्षरात काही फरक नाही.

तेराव्याला सगळे गेल्यावर काकूंनी मला आत बोलावलं. तुमचा हातातला सेट आणि एक्स-रेचं मोठं खाकी पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"हे तुह्यासाठी ठेवलं त्याईनं. म्हणे, वंदना आली का दे. तू आलीच नाही."

मी म्हटलं, "ड्यूटी होती काकू."

"माहीत आहे. ते रोज सांगत, तिची ड्यूटी आहे." काकू पलंगाच्या कडेला बसल्या. "तुहा आवाज या खोलीत साफ येत होता. साडेसात वाजले का सेट छातीवर घेत. तू नाव घेतलं का बटण दाबत, 'हजर' म्हणत. अन् तू पुढचं नाव घेत होती. मंग माह्याकडं पाहत. म्हणत, 'पाहा कुसुम, तिले ऐकू नाही येऊन राहिलं.'"

"फोन कावून नाही केला?"

"मी म्हणलं लावू का. म्हणे, 'फोन नाही लावायचा. तिनं पुरावा मागतला.'"

मी विचारलं, ते रुसण्याचं तुम्ही ऐकलं होतं का.

"ऐकलं ना. किती हसले. खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. म्हणे, 'बरोबर लिहून राहिली. कानाले नाही आलं त गैरहजरच.'"

पाकिटाच्या मागच्या बाजूला तुमचं अक्षर होतं, पेन्सिलीचं, थरथरतं. अकरा दिवस, अकरा ओळी. 'सकाळी दव. हजेरी नाही. दुपारी दोन, ऊन, शेपटी आली.' बटण सोडल्यावर रिपीटर क्षणभर तसाच चालू राहतो, ती त्याची शेपटी. शेपटी आली म्हणजे त्याने ऐकलं. 'दव, नाही. दुपारी आली.' 'ढगाळ. सकाळी नाही, दुपारीही नाही.' 'खिडकीशी धरून पाहिला, नाही.' 'वारा. रिपीटर बोलताना स्वतःच खरखरतो.' ऊन चढलं की कान उघडत होता आणि दव पडलं की बंद होत होता. पण दुपारी दोनला फ्रिक्वेन्सीवर असतं कोण? मी मिलमध्ये, साहू दुकानात, तिवारीजी झोपलेले. तेव्हा तुमचं बोलणं पोचत होतं आणि ऐकायला कोणी नव्हतं.

त्या ओळींखाली वेगळं लिहिलं होतं: 'वरचा जोड. पाणी. (त्या दिवशी वारा होता.)'

काका, ते कंसातलं मी अजून नीट वाचू शकत नाही. तुम्हाला जोड कोणाचा ते माहीत होतं. तुम्ही आधीच माझी बाजू मांडून ठेवली होतीत.

मी रजा टाकली आणि पट्टा बांधून वर चढले. साहू म्हणत होता मी जातो. मी म्हटलं, जोड माझा आहे. वर पोचल्यावर टेपवरून बोट फिरवलं आणि फिरवता फिरवताच कळलं. पदरांची तोंडं आभाळाकडे होती. वरून खाली गुंडाळली होती मी, वाऱ्यात, घाईत, आणि खाली उतरून तुमच्या तोंडावर "हो" म्हटलं होतं. चाकूने टेप कापली तर केबलमधून काळं पाणी मनगटावर आलं. तांबं हिरवं पडलं होतं. आणि मीटर गोड का बोलत होतं तेही कळलं, नाही, ते तुम्ही शिकवलं होतंच, मी आठवलं फक्त. पाणी प्यायलेली केबल परत येणारी शक्ती वाटेतच खाऊन टाकते, खाली मीटरपर्यंत काही येतच नाही. तिवारीजींकडे मोठी अँटेना आहे, साहूकडे आणि माझ्याकडे छतावरच्या आहेत. आमचे आवाज दांडगे, ते त्या सडक्या जोडातूनही पार होत होते. रिपीटर बहिरा झाला होता तो फक्त हळू बोलणाऱ्याला. आपल्यात हळू बोलणारं एकच माणूस होतं.

मी वर बसून राहिले. तिथून प्लांटच्या चिमण्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला रुआबांध्याची झाडं. तुमचं छत शोधलं, सापडलं नाही.

"दीदी, क्या हुआ?" साहू खालून.

"कुछ नहीं। देख रही हूँ।"

"रो रही हो क्या?"

"टेप फेंको ऊपर। नया वाला।"

केबलचा भिजलेला भाग कापून टाकला, नवा जोड केला. टेप खालून वर, तीन थर. प्रत्येक थराला मोठ्याने म्हटलं, खालून वर. कबुतरांनी ऐकलं असेल.

माझे दोन डायपोल व्हरांड्यात दोन वर्षांपासून तयार पडले आहेत, हे साहूला माहीत होतं. मी उतरल्यावर तो म्हणाला, "दीदी, अब आपका वाला लगा देते हैं। अब कौन रोकेगा?" तो चांगल्या मनाने बोलला. पण 'आता अडवणारं कोण' हे ऐकून मी त्याच्या हातातला पाना काढून पिशवीत टाकला. तुमची काठी तपासली होती, तिच्यात एक दोष नव्हता. चालती वस्तू काढायची नाही, हा तर माझाच नियम आहे. काठी राहिली. तुम्ही जिंकलात असं समजू नका. गावात चार-पाच किलोमीटरवर कणीक पातळ पडते हे माझं म्हणणं आजही कायम आहे, फक्त या वेळी ते चुकीच्या जागी वापरलं मी. मला भांडण जिंकायचं होतं, बिघाड शोधायचा नव्हता. इतकी वर्षं बिघाड शोधून पोट भरणारी बाई मी.

तपासणी एकाच जागेवरून करता येणार होती. तिवारीजींना सांगितलं, उद्याची हजेरी तुम्ही घ्या. सकाळी सातलाच रुआबांध्याला पोचले. चांगलं दव पडलं होतं, स्कूटरची सीट ओली होती. काकूंनी पलंग अजून हलवला नव्हता. मी त्यावर बसले, तुमचा सेट घेतला, शक्ती सगळ्यात कमीवर ठेवली. काकू चहाचा कप घेऊन समोर उभ्या.

तिवारीजींनी माझं नाव पुकारलं. मी बटण दाबलं. "हाजिर." बटण सोडलं. शेपटी आली.

"बिलकुल साफ, वंदनाजी। कहाँ से?"

"रुआबांधा से। अंदर के कमरे से। हाथ वाले सेट पर।"

यादीत माझ्यानंतर तुमचं नाव आहे. साहूने मागे विचारलं होतं, नाम काट दें क्या, आणि मी म्हटलं होतं, देखते हैं. तिवारीजी यादीवरून वाचत होते, सवयीने वाचून गेले. "वैरागडेजी?"

रिपीटरने ते नाव साऱ्या गावाला ऐकवलं. शेपटी पडली. मग नुसती खोली.

काकू सेटकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आता ते 'हजर' म्हणत."

मी विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः ऐकलं? अकराही दिवस?"

"इथंच त बसत होती मी. दुसरं होतं कोण ऐकाले?"

चहा पिऊन मी घरी आले. तेव्हापासून वही उघडते आहे आणि मिटते आहे. आता तुमच्याशी बोलून झालं.

कानाला आलं तरच लिहायचं, हा पहिला नियम. माझ्या कानाला आलं नव्हतं, तेव्हा मी त्या दिवशी लिहिलं ते त्या दिवसापुरतं बरोबर होतं. तुम्हीही तसंच म्हणालात. पण दुसरा नियमही तुमचाच. अकरा 'गै'वर एकेक आडवी रेघ मारली आहे, खाली दिसेल अशी. वर 'ह' लिहिलं. प्रत्येकापुढे लिहिलं, रिले: कुसुमकाकू. त्यापुढे माझी सही. बाराव्याला हात लावलेला नाही.

काकूंकडे परवाना नाही, हे मला माहीत आहे. बिनपरवान्याच्या माणसाची रिले धरायची की नाही, यावर तुम्ही मला निदान एक हिवाळा पुरला असता. मी धरली आहे. पान बंद केलं.

चालत नसेल तर सांगा. साडेसातला मी सेटवर असतेच.